दोन तालुके माझ्या नावावर

माझ्या आयुष्यातलं पहिलं व्हिजिटिंग कार्ड मला एक्कावन्नाव्या वर्षी मिळालं. जाड, गुळगुळीत, कडेला सोनेरी रेघ. नावाखाली इंग्रजीत 'बिझनेस ग्रोथ कोच' आणि त्याखाली 'कर्जत-खालापूर'. दोन अख्खे तालुके. ते कार्ड हातात धरून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

त्याआधी बावीस वर्षं मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. कारखान्याला लागणारा प्रत्येक नट, प्रत्येक बेअरिंग, ग्रीसचा प्रत्येक डबा माझ्या हाताखालून जायचा. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सचा माणूस धापा टाकत यायचा आणि मी खुर्चीवरून न उठता सांगायचे, सातवा रॅक, तिसरा कप्पा, डावीकडे. वस्तू तिथेच असायची. पण या कामाला कारखान्यात कुणी मोठं काम समजत नसे आणि खरं सांगायचं तर मीही समजत नव्हते. पुढे मालकांनी कारखाना गुजरातेत हलवायचं ठरवलं. तिकडे येणार असाल तर या, नाहीतर तुमचं जे असेल ते घेऊन मोकळ्या व्हा, असा निरोप आला. मी मोकळी झाले.

माझे यजमान कर्जतच्या शाळेत गणित शिकवतात. ते सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि मी दारात उभी. दोन महिन्यांत मी स्वयंपाकघरातली फळी चार वेळा नव्याने लावली. पाचव्यांदा लावायला घेतली तेव्हा ते म्हणाले, "अगं, आता मला साखर सापडत नाही."

त्याच सुमारास मोबाइलवर एक जाहिरात आली. 'तुमचा अनुभव हाच तुमचा धंदा.' लहान उद्योजकांना धंदा वाढवायला शिकवणारी एक मोठी कंपनी तालुक्या-तालुक्यात आपले प्रतिनिधी नेमत होती. फ्रँचायझी म्हणे. नाव त्यांचं, पुस्तकं त्यांची, सॉफ्टवेअर त्यांचं, शिकवायचं आपण. एका रविवारी पनवेलच्या एका हॉटेलात त्यांची माहितीसभा होती. मी एकटीच गेले. कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याने मला पहिल्या रांगेत बसवलं, माझ्या नोकरीबद्दल विचारलं आणि म्हणाला, "बावीस वर्षं इंडस्ट्रीत! मॅडम, तुम्ही लीडर आहात. तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही, एवढंच."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्या एका वाक्यावर मी अर्धी विकली गेले होते.

तरी मी अगदीच डोळे मिटून उडी मारली असं नाही. आधीच्या कुणा प्रतिनिधीशी बोलायचंय, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच एक नंबर दिला. दुसऱ्या जिल्ह्यातले एक गृहस्थ होते. पाऊण तास बोलले, फार आपुलकीने. धंदा छान चाललाय, कंपनी पाठीशी उभी राहते, ताई, तुम्ही बिनधास्त या. मी समाधानाने फोन ठेवला. मला दिलेला तो एकच नंबर कंपनीने निवडून दिला होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

करार अट्ठेचाळीस पानांचा, इंग्रजीत. यजमानांनी विचारलं, "वाचलास का पूर्ण?"

"वाचला," मी म्हणाले. मी पहिली सहा पानं वाचली होती. बावीस वर्षांत एकही खोकं मी चलनाशी ताडून पाहिल्याशिवाय आत घेतलं नव्हतं. ट्रक दारात उभा ठेवून घ्यायचे, ड्रायव्हर शिव्या घालायचे, तरी माझं मोजणं चुकायचं नाही. आणि कारखाना सोडताना मिळालेल्या फंडातला मोठा हिस्सा ज्या कागदावर जाणार होता, त्यावर मी प्रत्येक पानाखाली सही करत गेले. अधिकारी पानं उलटत होता आणि मी सही करत होते.

मग लोणावळ्याच्या बाजूला एका रिसॉर्टवर पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. आम्ही वीसेक जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले, दवाखाना बंद केलेले एक दंतवैद्य, दोन प्राध्यापक. सगळे आपापल्या पहिल्या कामातून सुटलेले आणि दुसरं काहीतरी मानाचं शोधत असलेले. सगळ्यांना निळा ब्लेझर दिला, फोटो काढले, प्रमाणपत्रं दिली. घरी आल्यावर मी वही उघडली तेव्हा एक गोष्ट खटकली. पाचातले चार दिवस गिऱ्हाईक कसं पटवायचं हे शिकवलं होतं. पटलेल्या गिऱ्हाइकाला पुढे नेमकं काय शिकवायचं, याला अर्धा दिवस. खटकलं खरं, पण मी वही मिटली.

कर्जतला स्टेशनजवळ, बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. बोर्ड लावला. दर महिन्याला मी कंपनीला हप्ता भरायचा आणि त्यांच्याकडून दहा तयार गिऱ्हाइकांची नावं येणार होती. पहिली यादी आली आणि मी उत्साहाने फोन लावायला बसले. पहिला माणूस म्हणाला, त्याची पोल्ट्री आहे. मी म्हटलं, "वा! कुठे आहे? मी उद्याच येते."

"राशीनच्या रस्त्याला."

मला राशीन कुठे ते कळेना. विचारता विचारता उलगडा झाला. ते कर्जत नगर जिल्ह्यातलं होतं. मी म्हणाले, "अहो, आमचं कर्जत रायगडातलं. माथेरानच्या पायथ्याचं."

"दोन कर्जत हायती व्हय?" तो म्हणाला. "आमाला बी नव्हतं ठाऊक."

त्याला ठाऊक नसलं तर चालण्यासारखं होतं. कंपनीला ठाऊक नव्हतं. आपण मला कुठलं कर्जत विकलंय, हे मुख्य कार्यालयात एकालाही माहीत नव्हतं. दहापैकी सात नंबर तिकडचे, दोन बंद, आणि एक खोपोलीच्या एका शिकवणीवाल्यांचा. त्यांनी 'पुन्हा फोन करू नका' म्हणून ठेवून दिला.

मग मी स्कूटर काढली आणि दारोदार फिरायला लागले. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली. भर उन्हाळ्यात अंगात तो ब्लेझर. कंपनीचा नियम होता. हातात त्यांचं पुस्तक, त्यातला पहिला प्रश्न ठरलेला: 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' चौकच्या एका ढाबेवाल्याला मी हा प्रश्न विचारला. तो तव्यावरून नजर न काढता म्हणाला, "हितंच. आनि कुठं जाऊ?"

चौक गावातच, जुन्या महामार्गाला लागून एक गॅरेज आहे. मालक साठीचे मुसलमान गृहस्थ. त्यांचे वडील मुरुडच्या बाजूने इकडे आले आणि ट्रकची कामं करता करता इथलेच झाले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मला खुर्ची दिली, घाम पुसायला कागद दिला, चहा मागवला. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? राग नाय ना येणार?"

"विचारा की."

"तुमी कधी धंदा केलाय?"

खोटं बोलायची संधी होती. प्रशिक्षणात या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं होतं: 'आमच्या कंपनीने हजारो धंदे उभे केलेत.' ते माझ्या तोंडून निघेना. "नाही," मी म्हणाले.

"मग मला काय शिकवनार?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी चहाचा कप उचलला. तेवढ्यात आत गडबड सुरू झाली. एका टेंपोचं काम ऑइल सीलवाचून अडलं होतं. सील कालच आणलं होतं, पण सापडत नव्हतं. दोन मेकॅनिक डबे उपसत होते, टेंपोवाला घड्याळ बघत होता. चाचा वैतागून म्हणाले, "जाऊ द्या, खोपोलीहून दुसरं आना." मी उठले. बसल्या जागेवरून मला ते पाकीट मघापासून दिसत होतं. जुन्या क्लच प्लेटांच्या ढिगामागे, अर्धं आत सरकलेलं. माझ्या डोळ्यांना ती सवयच आहे. कुठल्याही खोलीत गेले तरी काय कुठे पडलंय हे आपोआप टिपलं जातं.

"तिथे बघा," मी बोट दाखवलं. "प्लेटांच्या मागे."

सापडलं. चाचांनी पाकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमाला कसं कळलं?"

"मी बावीस वर्षं हेच केलंय. कारखान्यात स्टोअर सांभाळायचे."

"मग हे शिकवा ना! ते पाच वर्षांचं काय घेऊन बसलात?"

संध्याकाळी मी मोठ्या आनंदाने कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन केला. पहिलं गिऱ्हाईक मिळतंय, सुटे भाग लावून द्यायचंय, म्हणाले. तो हसला. "मॅडम, आपण गोडाऊन लावणारी माणसं नाही. आपण माइंडसेट बदलतो. सहा महिन्यांचा प्रोग्रॅम घेतला तरच करार करा, नाहीतर सोडून द्या."

मी सोडून दिलं. चाचांना फोनसुद्धा केला नाही. याची मला आजही चुटपुट आहे.

पुढच्या काही महिन्यांत पुस्तकाप्रमाणे तीन गिऱ्हाइकं मिळाली. नेरळ रस्त्यावरचा एक रिसॉर्टवाला दोन महिन्यांत कंटाळून गेला. एक वीट-रेतीवाला नुसता माझ्या आग्रहाखातर यायचा. तिसरी कर्जतमधलीच, घरगुती केटरिंग करणारी बाई. हाताला अशी चव की काय सांगू. पुस्तकात लिहिलं होतं, तीन दर ठेवा, साधा, मधला आणि खास, म्हणजे गिऱ्हाईक मधला घेतं. मी तिला तेच करायला लावलं. इथे लोक ताट बघत नाहीत, माणूस बघतात. तिच्या ओळखीच्या दोन घरांनी ते छापील दरपत्रक पाहिलं, यांना आता मोठेपणा आलाय असं म्हटलं आणि लग्नाचं जेवण दुसरीकडे दिलं. ती माझ्यावर चिडली नाही. "ताई, तुमी पुस्तकातलं सांगितलंत," एवढंच म्हणाली. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती दोन्ही घरं मला ओळखत होती. त्यांच्याकडेही गेले आणि सांगितलं, तो दरपत्रकाचा शहाणपणा माझा होता, तिचा नव्हे. पुढच्या बारशाला त्यांनी तिलाच बोलावलं.

वर्ष भरत आलं तेव्हा अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा गोड. "मॅडम, एक नवीन जोडपं येतंय आपल्या परिवारात. तुमच्या भागातलंच. तुमच्याकडे पाठवतो. तुमचा अनुभव सांगा, जरा पॉझिटिव्ह. त्यांनी सही केली की तुमचा तीन महिन्यांचा हप्ता माफ."

फोन ठेवल्यावर मला एकदम ते गृहस्थ आठवले, पाऊण तास आपुलकीने बोललेले. मी त्यांना फोन लावला आणि सरळ विचारलं, "माझ्या वेळी तुम्हाला किती महिने माफ केले होते?"

ते म्हणाले, "चार. ताई, मीही अडकलेलो होतो. मला वाटलं, तुमचं कदाचित चालेल." मला त्यांचा राग आला, पण फार नाही आला. मी त्यांच्या जागी उभी होते आणि समोरून माणसं येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं आली. पोशीरचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, हातात कंपनीची चकचकीत फाइल. घरची भातशेती, ती भाऊ बघतो. यांना निवृत्तीनंतर रिकामं बसवत नव्हतं. मी ती बेचैनी लगेच ओळखली.

सुभेदार म्हणाले, "कंपनीनं तुमचं नाव दिलं. म्हनाले, मॅडमचं झकास चाललंय."

त्यांची बायको माझ्याकडे एकटक बघत होती. ती म्हणाली, "मीच यांना म्हटलं, जाऊन भेटू. बाईमानूस खरं सांगंल. खरं सांग गं बाय, कसं हाय हे?"

मी त्यांच्या हातातली फाइल मागून घेतली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'नेरळ विभाग, स्वतंत्र क्षेत्र'. नेरळ कर्जत तालुक्यात येतं. पोशीरही. माझ्या दोन तालुक्यांतला एक तुकडा कापून ते यांना विकत होते, आणि तो विकायला मलाच बसवलं होतं. मी टेबलाचा खण उघडून माझा करार बाहेर काढला. या वेळी सातव्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एकतिसाव्या पानावर ते सापडलं. कंपनीला योग्य वाटेल तेव्हा क्षेत्राची फेररचना करता येईल. खाली माझी सही.

आधी मला माझ्यासाठी संताप आला, हे मी लपवणार नाही. संध्याकाळी यजमानांनी विचारलंही, "तुझा तालुका कापला नसता तर तू त्यांना सांगितलं असतंस का?" मी विचार केला आणि म्हणाले, "माहीत नाही. पण सांगायला बसले तेव्हा नुसतं तेवढंच सांगितलं नाही."

आणि ते खरं होतं. मी त्या दोघांच्या समोर करार ठेवला आणि एकेक पान मराठीत करून वाचून दाखवलं. सुभेदारांनी चष्मा लावला आणि वहीत लिहून घ्यायला लागले. गिऱ्हाईक देण्याची हमी कुठेच नव्हती, 'प्रयत्न करण्यात येईल' असं होतं. गिऱ्हाईक असो नसो, दरमहा हप्ता द्यायचाच होता. मध्येच सोडलं तरी उरलेली वर्षं भरायची. भांडण झालं तर ते दूरच्या शहरात, कंपनी नेमेल त्या लवादापुढे. सोडल्यावर दोन वर्षं या भागात असलं काही काम करायचं नाही. मी दोन कर्जतांची गोष्ट सांगितली, केटरिंगवाल्या बाईची सांगितली. तुम्ही सही केलीत तर माझे तीन महिने माफ होणार आहेत, हेही सांगितलं.

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "यातलं आमाला कुनी एक अक्षर सांगितलं नाय."

बायको म्हणाली, "मंग तुमी कसं घेतलंत हे? शिकलेल्या तुमी."

"न वाचता घेतलं," मी म्हणाले.

आजवर हे वाक्य मी यजमानांपुढेही उच्चारलं नव्हतं. परक्या माणसांसमोर ते उच्चारलं आणि वर्षभर पाठीवर वाहिलेलं काहीतरी खाली उतरलं. सुभेदारांची बायको उठून माझ्या बाजूला आली, तिने पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. आमाला तरी वाचवलंस."

जाताना सुभेदार दारात थांबले आणि त्यांनी मला कडक सलाम ठोकला. माझी टिंगल करतायत की काय, म्हणून मी चेहरा पाहिला. ते गंभीर होते.

दुसऱ्याच दिवशी अधिकाऱ्याचा फोन. आवाजातला गोडवा संपलेला. "मॅडम, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"काही सांगितलं नाही. करारात जे आहे ते वाचून दाखवलं."

त्याने फोन ठेवला. पंधरा दिवसांत नोटीस आली. करार रद्द, बोर्ड आणि कार्डं परत करा, उरलेले हप्ते भरा, आणि दोन वर्षं कर्जत-खालापूर तालुक्यांत असा व्यवसाय करू नका.

मी घाबरले होते. यजमान मला घेऊन कर्जतच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिने सगळी अट्ठेचाळीस पानं आमच्या समोर बसून वाचली. ते बघूनच मला तिच्याबद्दल आदर वाटला. म्हणाली, "सर, भरलेले पैसे परत मिळणं कठीण आहे, मी खोटी आशा दाखवत नाही. पण उरलेल्या हप्त्यांचं बघू. यांनी एकच क्षेत्र दोघांना विकायला काढलंय, हे आपण उत्तरात ठळक लिहू. त्यांना ते उघड झालेलं परवडणार नाही." मग माझ्याकडे वळली. "आणि काकू, करार संपल्यावर माणसाला पोटापाण्याचं काम करू नको म्हणणारी कलमं आपल्याकडे सहसा टिकत नाहीत. पण तुम्ही करणार काय आहात?"

मी म्हणाले, "गॅरेजचे सुटे भाग लावून देणार."

ती खळखळून हसली. "मग तर ते कोचिंग नव्हेच. गोडाऊन लावणं आपलं काम नाही, असं त्यांनीच सांगितलंय म्हणता ना?"

तिने उत्तर पाठवलं. कंपनीकडून पुढे काहीच आलं नाही. हप्त्यांची मागणीही नाही आणि माझे पैसेही नाहीत. मी बोर्ड उतरवला, खोली सोडली, कार्डांची पेटी कुरिअरने परत पाठवली आणि पावती जपून ठेवली.

मग चौकला गेले. ब्लेझर नव्हता, साधा सलवार-कुर्ता, खांद्याला पिशवी. चाचांना म्हणाले, "तुम्ही मला वर्षापूर्वी एक काम दिलं होतंत. मी आले नाही, चूक झाली. अजून हवं असेल तर करते."

त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. "कामानं तुमची वाट बघितलीय."

अकरा दिवस मी त्या खोलीत होते. पहिले तीन दिवस नुसतं बाहेर काढणं. रस्त्यावरून कधीच नाहीशा झालेल्या गाड्यांचे भाग, गंजलेल्या स्प्रिंगा, एका खोक्यात चक्क न उघडलेले नवे ब्रेक लायनर, जे गेल्याच महिन्यात पुन्हा विकत आणले होते. मेकॅनिक पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसायचे. एक म्हणाला, "ताई, आमाला आमचं सापडतं." मी म्हणाले, "मग डोळे मिटून सांगा, ऑइल फिल्टर कुठे आहेत?" तो सांगू शकला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासोबत उचलायला लागला. ऑइलचे रिकामे कॅन आडवे कापून आम्ही कप्पे केले. नव्या रॅकला पैसे घालायचे नाहीत, असं मी आधीच ठरवलं होतं. गाडीप्रमाणे रांगा लावल्या, प्रत्येक कप्प्यावर रंगाने आकडा टाकला, आणि रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवल्या, कारण वाकून शोधायचा माणसाला कंटाळा येतो आणि तो नवीन आणतो. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. बावीस वर्षं मेंटेनन्सवाल्यांच्या पाठी बघून कळलं होतं.

बाराव्या दिवशी एक ट्रक आला. चाचांनी बेअरिंगचा नंबर पुकारला. मेकॅनिक आत गेला आणि मी श्वास रोखून बाहेर उभी. तो इतक्या लगेच बाहेर आला, की चाचांना वाटलं रिकाम्या हाताने आलाय. त्यांनी बेअरिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग ट्रकवाल्याला म्हणाले, "ये मॅडम का काम है." त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तसा पनवेलच्या हॉटेलात मला लीडर म्हटल्यावर वाटला नव्हता.

चाचांनी चार जणांना सांगितलं. खोपोलीचं एक हार्डवेअर, कर्जतच्या एका औषध दुकानाचं मागचं कोठार, आणि हळूहळू मला हाका यायला लागल्या. त्या केटरिंगवाल्या बाईचं भांड्यांचं कोठार मी आपणहून लावून दिलं. पैसे घेतले नाहीत, जेवले मात्र पोटभर. सुभेदारांनी पोशीरला भावाच्या मदतीने भाताची छोटी गिरणी टाकली. त्यांना मी पोत्यांची मांडणी सांगायला गेले, तर त्यांनी ती आधीच परेडसारखी लावून ठेवली होती. मी एका पोत्यालाही हात लावला नाही.

फार मोठी कमाई होते असं नाही. गेलेले पैसे भरून यायला अजून वेळ लागेल, आणि कदाचित पूर्ण भरून येणारही नाहीत. पण आता मी जे देते ते माझं स्वतःचं असतं, आणि घेणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून डोळ्यांनी दिसतं.

मागच्या आठवड्यात कशेळ्याला गेले होते. तिथे एसटी थांब्याजवळ एका बाईंचं शेतीसामानाचं दुकान आहे. बियाणं, फवारणीचे पंप, पाइपाचे जोड, दोऱ्या. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं जीपने येतात आणि परतीची जीप सुटायच्या आत त्यांना वस्तू हवी असते. त्यांचं दुकान मी सहा महिन्यांपूर्वी लावून दिलं होतं. काही बिघडलं असेल तर बघावं, म्हणून सहज डोकावले. बाईंनी खुर्ची दिली, पण स्वतः उभ्याच राहिल्या. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती.

"काही मदत करू का?" मी विचारलं.

"कशाला गं ताई? बस तू, दम खा," त्या म्हणाल्या आणि मागे न बघता हात वर करून पाऊण इंचाचा जोड काढून समोरच्या म्हाताऱ्या बाबांच्या हातात ठेवला. "आता मला कुनाची मदत लागत नाय."

मी बसले. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता आणि बाबा पिशवी सावरत घाईने निघाले होते.